राज्य कोणावर? : मुलांच्या आभासी क्रीडाविश्वांची समीक्षा

प्रास्ताविक

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मुले वाचत नाहीत, मोबाइलमध्ये गुंतलेली असतात, ही मराठी साहित्यव्यवहारातील तोपर्यंत रूढ झालेली तक्रार होती. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि ज्या उपकरणापासून मुलांना दूर ठेवावे असा उपदेश चालला होता तेच उपकरण अभ्यासाचे साधन म्हणून शिक्षणव्यवस्थेने अपरिहार्य करून टाकले. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट असलेल्या या जिल्ह्यात घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलांच्या हाती गेला तो असा. अभ्यासाचा पाठ संपला, तरी फोन हातात राहिला आणि त्यातील खेळही राहिले.

या खेळांविषयी मराठीत झालेली चर्चा बहुतांशी व्यसनाच्या परिभाषेत झाली आहे. किती तास खेळतात, डोळे बिघडतात का, वडिलांच्या खात्यातून पैसे जातात का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ते प्रमाणाचे प्रश्न आहेत, आशयाचे नाहीत. एखादे मूल दिवसाकाठी किती तास पुस्तक वाचते एवढेच मोजून बालसाहित्याची समीक्षा होत नाही. पुस्तक काय सांगते, वाचणाऱ्या मुलाला कोणत्या स्थानी उभे करते, हे समीक्षक पाहतो. ऑनलाइन आभासी विश्वे आणि बहुखेळाडू खेळ यांना ही वागणूक मराठी समीक्षेने अद्याप दिलेली नाही. प्रस्तुत लेखात अशा काही विश्वांकडे एक संहिता म्हणून पाहिले असून त्यांना एकच प्रश्न विचारला आहे : या खेळातला नियम कोणाचा असतो?

डाव आणि करार

मराठी मुलांच्या खेळांची परिभाषा पाहिली तर ती फार मोठ्या प्रमाणात कराराची परिभाषा असल्याचे दिसते. लपंडावात किंवा शिवाशिवीत ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर 'राज्य' आले असे म्हणतात. येथे राज्य म्हणजे सत्ता नव्हे, ओझे होय. ते फिरते असते, आणि ते आपल्यावर येऊ नये म्हणून सर्वांची धडपड चाललेली असते. (राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी क्षणभर थांबून पाहावा असा हा शब्दप्रयोग आहे.) 'टाइम प्लीज' हे शब्द इंग्रजीतून आले असले तरी त्यामागची व्यवस्था अगदी घरची आहे. चप्पल तुटली, काटा रुतला, आईने हाक मारली, तर कोणीही एकटा खेळाडू सगळा डाव थांबवू शकतो. त्याचा गैरवापर झाला की आरडाओरडा होतो, आणि टाइम प्लीज खरी की खोटी याचा निवाडाही तेथेच होतो.

याहून मोलाची संस्था 'कच्चा लिंबू' ही होय. काही भागांत तिला 'दूधभात' असेही म्हणतात. पाठीला लागलेले धाकटे भावंड खेळात घ्यावेच लागते, पण त्याला बाद केले तर ते रडेल आणि सगळाच खेळ बंद पडेल. म्हणून ते धावते, पळते, ओरडते, पण बाद होत नाही. पुढे केव्हातरी कोणताही समारंभ न होता ते पक्के होते. मोठ्यांनी न शिकवता मुलांनी चालविलेली ही सवलत आहे, आणि दुबळ्याला खेळाबाहेर न ठेवता खेळात कसे ठेवावे याचे उत्तर तिच्यात आहे. 'रडीचा डाव' हा आरोपही असाच. पंच नसलेल्या खेळात हरकत घेणे, ती फेटाळणे, 'मग मी खेळत नाही' म्हणणे आणि समजूत घातल्यावर परत येणे यात निम्मा वेळ जातो. बाहेरून पाहणाऱ्यास हा वेळ वाया गेलेला वाटतो.

तो वाया जात नाही असे मानण्यास सबळ कारण आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेला मुलांच्या नैतिक निवाड्यावरील ग्रंथ गोट्यांच्या खेळापासून सुरू होतो. गोट्या खेळणाऱ्या मुलांना त्यांनी विचारले की हा नियम कोठून आला, आणि तो बदलता येईल काय. लहान मुलांच्या लेखी नियम मोठ्यांकडून आलेला, पवित्र आणि न बदलणारा होता. साधारण दहा वर्षांच्या पुढील मुले मात्र, सर्वांची संमती असेल तर नियम बदलता येतो, असे सांगू लागली. आज्ञेकडून संमतीकडे होणारा हा प्रवास पियाजे यांना नैतिक वाढीचा गाभा वाटला. तो उपदेशातून घडत नाही, बरोबरीच्या मुलांशी झालेल्या भांडणातून घडतो, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे.

ऑनलाइन खेळात नियम संगणकीय आज्ञावलीत असतो आणि ती आज्ञावली दूरच्या सर्व्हरवर असते. तिच्याशी भांडता येत नाही. टाइम प्लीजचेच उदाहरण घ्यावे. एकत्रित चालणारा सामना एका मुलासाठी थांबत नाही. वीज गेली, नेट गेले, तर त्याचे पात्र त्या मैदानावर निश्चल उभे राहते आणि कोणीतरी येऊन त्याला टिपतो. कच्च्या लिंबाची जागा 'बॉट'ने घेतली आहे. पबजी पठडीतील खेळांत नवख्या खेळाडूच्या सुरुवातीच्या सामन्यांत प्रतिस्पर्धी म्हणून माणसांऐवजी बरीचशी यंत्रचालित पात्रे सोडलेली असतात, म्हणजे तो सहज जिंकतो आणि खेळात रमतो. हेतू वरवर सारखाच वाटेल. परंतु गल्लीतल्या कच्च्या लिंबाला आपण कच्चे आहोत हे ठाऊक असते आणि आपल्याला सांभाळून घेणारे कोण हेही ठाऊक असते. येथे मात्र नवख्याला सवलतीचा पत्ता नसतो, आणि ती देणारा कोणी भिडूही नसतो. यातूनच पुढे 'बॉट' ही मुलांच्या बोलण्यातली शिवी झाली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी अशी आहे. 'कच्चा लिंबू' या शब्दात चेष्टा असली तरी सामावून घेणे होते. 'बॉट' म्हणताना समोरच्याचे माणूसपणच काढून घेतले जाते.

रडीचा डाव खेळणाऱ्याला गल्लीत दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले जाई, कारण भिडू मोजकेच असत. पबजी मोबाइलमध्ये लबाडी पकडली गेली की खात्यावर दहा वर्षांची बंदी येत असे. बाराव्या वर्षी मिळालेली ही शिक्षा बाविसाव्या वर्षी संपणार! शिक्षेचे हे माप मुलांच्या काळाचे नाही.

लिखित नियमांची पूर्वपीठिका

मुलांच्या हातून नियम निसटण्याची सुरुवात संगणकाने केली असे मात्र म्हणता येणार नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम निश्चित केले तेव्हाच एक गल्लीतला खेळ प्रौढांच्या लेखी संहितेत गेला. पाट्यांची संख्या, मैदानाचे माप, वेळ, पंच हे सारे ठरले. त्यातून काय मिळाले हे धाराशिवकरांना वेगळे सांगावयास नको. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. लिखित नियमाविना हे घडले नसते.

फरक आहे तो दुसरीकडे. खो-खोचे पुस्तक छापले गेले म्हणून शाळेच्या पटांगणावर नऊऐवजी सहा जणांचा खो-खो खेळण्यास कोणी मज्जाव केला नाही. लिखित नियम एका बाजूला आणि पोरांचा नियम दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही शंभर वर्षे नांदले. आज्ञावलीतला नियम असा शेजारधर्म पाळत नाही, कारण तो पाळला नाही तर खेळच अस्तित्वात येत नाही.

फाशाचा संशय

महाराष्ट्रात तयार झालेल्या बहुखेळाडू खेळांपैकी सर्वांत दूरवर पोहोचलेला खेळ म्हणजे ल्युडो किंग. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने तो २०१६ साली आणला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. पचीसीच्या कुळातला हा खेळ १८९६ साली इंग्लंडमध्ये ल्युडो या नावाने पेटंट होऊन भारतात परत आला होता. मोबाइलवर तो आला ही त्याची तिसरी खेप. आजी, मामा, पुण्यातला भाऊ आणि परांड्यातली बहीण एका पटावर बसू शकली, हे या खेळाचे श्रेय निर्विवाद आहे. खेळ सोपा आहे, फारसे शिकावे लागत नाही आणि घरातील चिमुरड्यांनाही तो खेळता येतो.

तरीही घरातल्या पटावर आणि या पटावर एक सूक्ष्म भेद आहे. जमिनीवरच्या ल्युडोत फासा घरंगळून चटईखाली जातो आणि 'हे दान धरायचे की नाही' यावर वाद होतो. धाकट्याला सहा पडत नाहीत म्हणून एखादी मावशी डोळेझाक करते. मोबाइलवर दान पडते ते अंतिम. गंमत अशी की येथेही संशय संपलेला नाही. 'हा फासा मुद्दाम तसाच पाडतात' असे खेळणारी मुले हमखास म्हणतात. तो संशय खरा की खोटा हा मुद्दा गौण आहे. पूर्वी तो समोर बसलेल्याच्या तोंडावर बोलून दाखवता येई आणि त्याला उत्तर मिळे. आता तो कोणाला उद्देशून बोलावा हेच कळत नाही. ल्युडो हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा वाद पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या एका ॲपच्या निमित्ताने २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुलांचा वाद त्याहून मूलभूत आहे आणि तो ऐकणारे न्यायालय नाही.

हिरवे रक्त

पबजी मोबाइलचा भारतातील इतिहास हा मोठ्यांनी मुलांच्या खेळात केलेल्या हस्तक्षेपाचा इतिहास आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहणे योग्य ठरेल. २०१९ च्या आरंभी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने या खेळावर बंदी घालावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी खेळावर बंदी जाहीर केली आणि खेळताना सापडलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होते. कारण मुलांचे नव्हते, राष्ट्रीय सुरक्षेचे होते. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने पुन्हा आणला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. त्याची 'मॅक्स' ही आवृत्ती मात्र चालू राहिली.

भारतीय आवृत्तीत जे बदल झाले ते समीक्षेच्या दृष्टीने बोलके आहेत. रक्ताचा रंग लाल होता तो हिरवा झाला. प्रतिस्पर्धी 'मारला' जाण्याऐवजी 'फिनिश' होऊ लागला. हे खरे जग नाही, अशी सूचना खेळ सुरू होताना येऊ लागली. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. पालकांच्या आणि शासनाच्या चिंतेला दिलेले हे उत्तर पाहता, ती चिंता कोठवर पोहोचली होती हेही कळते. ती रंगापर्यंत, शब्दापर्यंत आणि घड्याळापर्यंत पोहोचली. शंभर जण एका बेटावर उतरतात, वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी एकच उरतो (किंवा एकच चमू उरतो), या मूळ कथासूत्राला कोणी हात लावला नाही. पराभूतांचे काय होते, ते परत येऊन पाहुण्यासारखे बसू शकतात का, सर्वांनी मिळून वर्तुळ थांबवता येईल का, हे प्रश्न त्या कथेत विचारताच येत नाहीत. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठेवला. तेथेही हस्तक्षेप घड्याळाचाच राहिला.

या खेळांतला कळीचा शब्द 'लूट' हा आहे. इंग्रजीने तो भारतीय भाषांतूनच उचलला होता. आता तो पोचिंकी नावाच्या एका काल्पनिक गावातील रिकाम्या घरांतून बंदुका आणि पट्ट्या उचलण्याच्या अर्थाने मराठी मुलांकडे परत आला आहे, आणि त्यातला गुन्ह्याचा भाव वाटेत कोठेतरी गळून गेला आहे.

'स्वदेशी' पर्याय म्हणून पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'इंडस' हा खेळ आणला. सिंधू संस्कृती लयास न जाता भविष्यात अवकाशापर्यंत पोहोचली असती तर, अशी त्याची कल्पना आहे आणि रणभूमीचे नाव 'विरलोक' आहे. कल्पना मोठी आहे. चित्रकारीही परिश्रमपूर्वक केलेली आहे. शेवटच्या टप्प्यात 'कॉस्मियम' नावाचे द्रव्य ताब्यात घेऊनही जिंकता येते, म्हणजे सर्वांना संपविणे हा विजयाचा एकमेव मार्ग राहत नाही, एवढे वेगळेपण त्यात आहे. ते नोंदवूनही असे म्हणावे लागते की, ज्या सिंधू संस्कृतीच्या उत्खननात राजवाडे आणि युद्धाची चित्रे फारशी सापडली नाहीत, उलट मातीच्या चाकांच्या गाड्या आणि खेळणी मुबलक सापडली, तिच्या नावाने पुन्हा रणभूमीच उभी राहावी ही कल्पनाशक्तीची मर्यादा आहे. नावे आणि पोशाख देशी झाले, पण खेळाचा सांगाडा तोच राहिला.

बागेतला पाऊस

हिंसा नसलेली आभासी विश्वे निरुपद्रवी असतात असा समज आहे. त्याची परीक्षा एका उदाहरणावर घेता येईल. रोब्लॉक्स हे अमेरिकेत २००६ साली सुरू झालेले व्यासपीठ स्वतः खेळ नसून, वापरणाऱ्यांनी बनविलेल्या असंख्य खेळांचा बाजार आहे. त्यावर मार्च २०२५ मध्ये 'ग्रो अ गार्डन' हा बागकामाचा खेळ आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये एका वेळी दोन कोटींहून अधिक जण तो खेळत असल्याची नोंद झाली. त्याची पहिली आवृत्ती एका किशोरवयीन मुलाने बनविली असे सांगितले जाते. पुढे त्यात मोठा स्टुडिओ उतरला.

खेळ सोपा आहे. बियाणे विकत घ्यावे, लावावे, पीक विकावे, त्या पैशातून अधिक दुर्मीळ बियाणे घ्यावे. बियाण्याच्या दुकानात दर पाच मिनिटांनी नवा माल येतो. खेळ बंद असतानाही झाडे वाढत राहतात. आणि पाऊस पडला, वीज चमकली, की पिकात असा काही बदल होतो की त्याचा भाव वाढतो.

हे वाक्य धाराशिव जिल्ह्यात वाचणाऱ्याने दोनदा वाचावे. सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे जगभरातील मुले ही बाग लावत असतानाच, परांडा आणि भूम तालुक्यांत अतिवृष्टीने शेते वाहून गेली, उभे सोयाबीन पाण्याखाली कुजले. इतर वर्षी हाच जिल्हा टँकरची वाट पाहतो. खेळातील पावसाने खऱ्या पावसासारखे वागावे अशी अपेक्षा अर्थातच नाही. भातुकलीतला भात कोणी खात नाही. पण भातुकलीत मुले ज्या घराची नक्कल करतात ते घर त्यांनी पाहिलेले असते, म्हणून त्यात कधी नवरा रुसतो, कधी पीठ संपते, कधी पाहुणा अवेळी येतो. या बागेत उधारी नाही, कीड नाही, सालगडी नाही, ऊसतोडीला गेलेले शेजारी नाहीत, बाजार समितीत पडलेला भाव नाही. येथे निसर्गाची प्रत्येक घटना मालकाच्या फायद्याची आहे आणि श्रम म्हणजे पडद्यावरचा स्पर्श. शेतकऱ्याच्या मुलाला या बागेत स्वतःच्या घराचे काहीही ओळखता येणार नाही. शेती कधी न पाहिलेल्या मुलाला मात्र ती शेतीची पहिली ओळख ठरेल, आणि समीक्षेने चिंता करावी ती याची. कळंब-वाशीकडच्या ज्या मुलांना आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जावे लागते त्यांच्या अनुभवातून एखादे क्रीडाविश्व कोणी रचले तर ते कसे असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दर पाच मिनिटांनी भरणारे दुकान हा तर या विश्वांचा खरा नियम होय. मुलांच्या खेळांना पूर्वीही हंगाम असत. गोट्यांचे दिवस, भोवऱ्यांचे दिवस, संक्रांतीचे पतंग. ते केव्हा सुरू झाले आणि केव्हा ओसरले हे कोणी जाहीर करीत नसे. ऑनलाइन खेळांतही 'सीझन' असतात, त्यांची तारीख ठरलेली असते आणि प्रत्येक सीझनबरोबर एक विकत घ्यावयाचा पास असतो.

दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गल्लीतला करार हा ज्यांना गल्लीत घेतले त्यांच्यातला करार होता. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाच्या आरंभी शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. तेथे सवर्ण मुले एक खेळ खेळतात आणि महारांची मुले त्यांच्यात जाऊ शकत नाहीत म्हणून वेगळा खेळ मांडतात. एकाच माळावर, एकाच वर्गातली मुले. कच्च्या लिंबाला सामावून घेणारी गल्ली आडनाव पाहूनच सामावून घेत होती, हे मान्य केल्यावाचून जुन्या खेळांचा गौरव करणे हा निव्वळ स्मरणरंजनाचा प्रकार होईल. मुलींचे तर असे की वयात येण्याच्या सुमारास त्यांचे मैदानच संपे.

आभासी विश्वात आडनाव नसते. मुले ज्याला 'आयडी' म्हणतात ते नाव स्वतः निवडलेले असते, रूप स्वतः निवडलेले असते, आणि नेमबाजी चांगली असेल तर चमूत जागा मिळते. ज्या गावात पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत सारे काही जातीने वाटलेले होते तेथील मुलासाठी ही लहान गोष्ट नव्हे. आंबेडकरी विचारातील समतेच्या कल्पनेला हे विश्व एका अंगाने जवळचे आहे, असे कोणी म्हटले तर ते सहज खोडून काढता येणार नाही.

परंतु ही समता निनावीपणाची आहे. ती नाव सांगेपर्यंत टिकते. बोलण्याची सोय सुरू केली की आवाज ऐकू येतो, आणि आवाजावरून मुलगी आहे हे कळते. म्हणून अनेक मुली माइक बंद ठेवून खेळतात. बोलीवरून गाव आणि कधी जातही ओळखली जाते. 'अक्करमाशी'तील मुलाला जे हवे होते ते ओळख लपवून खेळणे नव्हते, ओळखीसकट खेळात घेतले जाणे हे होते. गल्लीने ते नाकारले आणि आभासी विश्वाने त्याची गरजच नाहीशी झाल्याचे दाखविले. प्रश्न मात्र दोन्हीकडे तसाच उरला आहे, आणि त्यातल्या त्यात कोणती जागा त्याला उत्तराच्या जवळ नेते याबद्दल घाईने निर्णय देता येत नाही.

आणखी एक अपवाद नोंदविला पाहिजे. २०११ साली पूर्ण रूपात आलेला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतलेला 'माइनक्राफ्ट' हा खेळ मुलांना स्वतःचा सर्व्हर चालवू देतो. तेथे मुले खरोखरच नियम करतात : दुसऱ्याचे घर पाडायचे नाही, पेटीतून वस्तू उचलायच्या नाहीत, उचलल्या तर काय. भांडणे होतात, तह होतात. या विश्वांपैकी पियाजे यांच्या गोट्यांच्या सर्वांत जवळ जाणारा हाच खेळ आहे. त्यासाठी खेळ विकत घ्यावा लागतो आणि सर्व्हर चालविण्यासाठी संगणक किंवा मासिक भाडे लागते. फुकट उतरवून घेता येणाऱ्या रणभूमीला यांपैकी काहीच लागत नाही. नियम करण्याचा अधिकार येथे विकत मिळतो.

मालकी

कायद्याने या क्षेत्रात आता बऱ्यापैकी पाऊल टाकले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आणि मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती देण्यास मनाई केली. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मुलाची माहिती आणि बापाचा खिसा या दोहोंचे रक्षण त्यातून काही अंशी होईल. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावयास लावले आहे, म्हणजे आयडी बंद झालेल्या उमरग्याच्या मुलाला अर्ज करता येतो. रडीच्या डावावरची हरकत अर्जाने चालवावी, ही कल्पना मात्र कोणत्याही मुलाला सुचली नसती.

ज्या विश्वात मुलांनी स्वतः नियम रचण्याचा प्रयत्न केला त्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. 'क्लब पेंग्विन' हे बर्फाळ बेटाचे विश्व कॅनडात २००५ साली सुरू झाले, आणि २००७ साली डिस्नेने ते पस्तीस कोटी डॉलरना घेतले. मुले पेंग्विन होऊन तेथे हिंडत, घरे सजवीत, गप्पा मारीत. त्या बेटाजवळ एक हिमनग होता. पुरेसे पेंग्विन त्यावर एका बाजूला जमले तर तो उलटेल, अशी वदंता मुलांत पसरली. कंपनीने असे कधी सांगितले नव्हते आणि आज्ञावलीत तशी सोय नव्हती. तरीही वर्षानुवर्षे अनोळखी मुले तेथे ठरवून जमत राहिली. हातोडे घेऊन, कडेला उभी राहून, नाचून, एकमेकांना सूचना देत. त्या विश्वातला हा एकमेव खेळ असावा जो कोणी मुलांना विकला नव्हता. २०१७ साली विश्व बंद करण्याचे ठरल्यावर शेवटच्या आठवड्यांत कंपनीने हिमनग उलटण्याची सोय करून दिली. तो उलटला. मार्चअखेर सर्व्हर बंद झाले आणि मुलांनी सजविलेली घरे त्यांच्याबरोबर गेली.

त्यानंतर काही चाहत्यांनी तेच विश्व स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभे केले आणि लक्षावधी जण तेथे जमले. एप्रिल २०२२ मध्ये स्वामित्वहक्काच्या तक्रारीवरून लंडन शहर पोलिसांनी ते ताब्यात घेतले आणि तिघांना अटक केली. त्या संकेतस्थळावर त्या दिवसापासून पोलिसांची सूचना दिसू लागली.